फाटकापर्यंत

कोलचेस्टर. सकाळचे सव्वासात.
बाहेर गारठा, आणि फाटकाशी लाल टोपी.

टोपी मी आधी ओळखली, माणूस नंतर.
बावीस वर्षं तसलीच माझ्या डोक्यावर होती,
नाईक सदोबा धुमाळ, मिलिटरी पोलीस,
म्हणून सुनेच्या आधी दार मीच उघडलं.

कॉर्पोरल पेलो. पोरगीच. थंडीनं नाक लालेलाल.
‘यशोधन घरात आहे का?’
मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही.
विचारलं, आत येणार?
‘तुम्ही बोलावलंत तरच.’
मी बोलावलं नाही.

मग तिनं समजावलं, हळू, मी बहिरा असल्यासारखं:
तो माझ्या कायद्याखाली येतो,
तुम्ही येत नाही, तुमचा जिना येत नाही.
इथले पोलीस वॉरंट घेऊन येतीलच.
तो आपणहून बाहेर आला तर बरं.
तोवर मी इथं.

इथं म्हणजे
गुडघाभर विटांच्या कुंपणापलीकडे.
शेळीसुद्धा विचार न करता उडी मारेल
एवढंच ते.

वर बाथरूमचा नळ चालू होता. चालूच होता.
बारा दिवस पोरगा पलटणीत गेला नव्हता,
बारा दिवस आम्ही घरात
‘सुट्टी’ हा शब्द पुरवून पुरवून वापरत होतो.

ऐंशी साली मी पालशेतला गेलो होतो.
शिपाई रघुवीर, फरारी.
सापडला होडीत, शिडाच्या घडीखाली,
पण त्याआधी मी त्याचं घर उलटंपालटं केलं.
उंबरा ओलांडताना बूट काढले नाहीत.
माळा पाहिला, देव्हाऱ्यामागे पाहिलं,
तांदळाच्या पिंपात काठी खुपसली.
कागद खिशात होता. त्यात काय लिहिलंय
ते त्याच्या आईनं विचारलं नाही.
बरं झालं. मीही नीट वाचला नव्हता.
तुझा अधिकार कुठवर, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं
तर मी सांगितलं असतं,
जीप जाते तिथवर.

तिला चहा नेऊन दिला, आलं ठेचून.
‘ड्युटीवर आहे,’ म्हणाली, आणि घेतला.
नाईक म्हणजे इकडचा कॉर्पोरल, मी सांगितलं,
तुझी माझी रँक एकच.
ती हसली, दोन्ही हातांनी कप धरून.
मी विचारलं, रात्री एखादा दारुडा,
फौजेतला नव्हे, साधा गावातला, अंगावर आला तर?
‘तर मीपण साधीच. धरून ठेवायचं,
आणि कुणाही बाईसारखा पोलिसांना फोन लावायचा.’

एवढ्या कमी सत्तेत
ही बाई उभी कशी राहते, असं वाटलं मला.
आणि ती उभीच होती, भुरभुर बर्फात,
चवड्यांवर वरखाली होत.

नळ थांबला.

यशोधन खाली आला. सुनेनं काही म्हटलं,
मला ऐकू आलं नाही, किंवा मी ऐकलं नाही.
अंगणातली चार फरश्या तो चालला,
फाटकाची कडी त्यानंच काढली.
तेव्हा कुठे पेलोनं कप भिंतीवर ठेवला,
त्याच्या कोपराला हात लावला,
कशासाठी अटक ते सांगितलं,
कळलं का, विचारलं.
‘कळलं.’
मग मागे वळून, मराठीत:
‘आजोबा, मोजे.’

उघडे घोटे, बुटात. मी आत धावलो,
माझेच लोकरीचे आणले.
तिनं ते घेतले, एकेक उलटा केला,
बोटं घालून टोकापर्यंत चाचपला,
मग त्याला दिले. बरोबर केलं.
मीही तेच केलं असतं.

गाडी गेली. कप भिंतीवर राहिला,
तिच्या बाजूला.
तो आणायला मला
फाटक उघडावं लागलं.